नोंदवहीतले तांबे, आयातीचे सोने

नागपूरला देशाच्या खनिजजगताची राजधानी म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय या शहरात आहे. देशभर खनिजांसाठी छिद्रे घेण्याकरिता १९७२ साली जन्मलेल्या सरकारी खनिज समन्वेषण कंपनीचे, म्हणजे एमईसीएलचे मुख्यालयही येथेच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा मध्य विभागही नागपुरातूनच चालतो. एवढ्या कचेऱ्या, एवढे नकाशे आणि एवढे शास्त्रज्ञ एका शहरात असताना त्याच जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवापूरच्या बाजूला, तांबेखाणी नावाचे एक ठिकाण आहे. हे नाव कोणत्याही सरकारी समितीने ठेवलेले नाही. ज्या पिढ्यांनी त्या खडकावरचा हिरवा डाग पाहिला, त्यांच्या तोंडी ते रुळले असावे. आज मात्र नागपूरच नव्हे, तर अख्ख्या महाराष्ट्रात तांब्याची एकही खाण उत्पादन देत नाही. दिव्याखाली अंधार असतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण इथे दिवेच एका ओळीत लावलेले आहेत.

हा प्रश्न केवळ विदर्भाचा नाही. भूगर्भशास्त्रात 'खनिजाचा आढळ' आणि 'खनिजाचा साठा' असे दोन शब्द वापरले जातात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एखाद्या खडकात तांब्याचा हिरवा मुलामा दिसला, गारगोटीच्या शिरेत सोनेरी चकाकी सापडली, नमुन्याच्या पृथक्करणात सोन्या-चांदीचा अंश आला, की तो आढळ झाला. त्याची नोंद होते, नकाशावर एक ठिपका उमटतो. साठा म्हणजे त्या ठिपक्याखाली किती खोलवर, किती रुंदीचा आणि किती प्रतीचा धातू आहे याचा हिशेब. या दोहोंमध्ये दुसरे काही नसते. फक्त छिद्रे असतात. हिरे बसवलेल्या पात्याने खडक कापत शेकडो मीटर खाली जायचे, आतला दंडगोलाकार गाभा वर काढायचा, तो पेटीत क्रमाने मांडायचा, अर्धा चिरून प्रयोगशाळेत पाठवायचा आणि पुन्हा पुढचे छिद्र घ्यायचे. हे काम कंटाळवाणे आहे, खर्चिक आहे आणि बहुतेक वेळा निराशाजनक आहे. भारत नावाच्या देशाने गेल्या अनेक दशकांत ठिपके भरपूर काढले. छिद्रे मात्र हात आखडून घेतली, आणि घेतली तीही बहुतांशी उथळ.

पूर्व विदर्भाचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. त्या आच्छादनाखालचे अब्जावधी वर्षांचे जुने खडक नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात उघडे पडतात. तेथील साकोली पट्ट्यात पुल्लर-परसोडीला तांबे, कोलारी-तांबेखाणीला जस्त, तर परसोडी आणि मारुपारला सोने, अशा नोंदी भूवैज्ञानिकांनी करून ठेवल्या आहेत. नाव तांब्याचे आणि खडकात जस्त, हा निसर्गाचा विनोदच म्हणायचा. पण एकाच उष्ण द्रवातून हे धातू जोडीने येतात हे ज्याला माहीत आहे, त्याला त्यात नवल वाटणार नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या पोंभुर्णा तालुक्यात ठाणेवासना येथे तर गोष्ट याहून रंजक आहे. तेथे ग्रॅनाइटसारखा कठीण खडक प्राचीन हालचालींत एका लांबलचक पट्ट्यात चिरडला गेला. त्या भेगांमधून खोल पृथ्वीतून आलेले तप्त, क्षारयुक्त पाणी वर चढले. वर येताना ते थंड होत गेले आणि त्यात विरघळलेले धातू गारगोटीच्या शिरांमध्ये गंधकाशी संयोग पावून बसले. वैद्यमंडळी ज्याला सुवर्णमाक्षिक म्हणून ओळखतात, तेच ते तांबे-लोह-गंधकाचे पितळी रंगाचे खनिज. त्याच्या जोडीला चुंबकीय लोहखनिज आणि थोडे सोने. लोहखनिज, तांबे आणि सोने ज्या जातीच्या साठ्यांत एकत्र येतात, त्या जातीशी ठाणेवासनाचे साम्य भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच अभ्यासकांनी मांडलेले आहे.

याच जातीचा जगातला सर्वांत गाजलेला साठा दक्षिण ऑस्ट्रेलियात ऑलिंपिक डॅम येथे आहे आणि त्याच्या शोधाची कथा आपल्या खनिज मंत्रालयाच्या भिंतीवर टांगण्याच्या योग्यतेची आहे. त्या वाळवंटी भागात तांब्याचा हिरवा डाग नव्हता, जुन्या खाणीची खूण नव्हती, काहीच नव्हते. वर सुमारे तीनशे मीटरहून अधिक जाडीचे निरुपयोगी गाळखडक. भूवैज्ञानिकांच्या हाती होते ते फक्त दोन नकाशे: एक गुरुत्वाकर्षणातील फरकांचा, दुसरा चुंबकीय फरकांचा. दोन्ही नकाशांवर एकाच जागी उसळी दिसत होती. १९७५ साली वेस्टर्न मायनिंग कंपनीने तेथे पहिले छिद्र घेतले, तांब्याची चाहूल लागली. पुढची काही छिद्रे निराशाजनक ठरली. आपल्याकडे असते तर इथेच फाईल बंद झाली असती, लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला असता आणि कोणा बिचाऱ्या अधिकाऱ्याची पदोन्नती अडली असती. त्यांनी छिद्रे चालू ठेवली. १९७६ साली दहाव्या छिद्रात दीडशे मीटरहून अधिक लांबीचा, दोन टक्क्यांहून अधिक तांबे असलेला गाभा वर आला. १९८८ पासून तेथे उत्पादन सुरू आहे: तांबे, युरेनियम, सोने आणि चांदी, चारही एकाच खडकातून.

ठाणेवासनाखाली दुसरे ऑलिंपिक डॅम दडले आहे, असा दावा कोणी करू नये. तसा पुरावा नाही. मुद्दा एवढाच की दहावे छिद्र घेतल्यावाचून पुरावा मिळत नसतो, आणि आपण पहिल्या-दुसऱ्या छिद्रावर समाधान मानून ठिपका काढून मोकळे होतो. सरकारी कागदपत्रेच सांगतात की खनिजे मिळण्याची उघड शक्यता असलेल्या देशातील लाखो चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी जेमतेम दहा टक्के क्षेत्राचे समन्वेषण झाले आहे. ऑस्ट्रेलियाचे प्राचीन भूखंड आणि भारताचे प्राचीन भूखंड यांत जातीने फार अंतर नाही. अंतर आहे ते पाण्यासारख्या ओतलेल्या छिद्रखर्चात आणि दहाव्या छिद्रापर्यंत टिकणाऱ्या धीरात.

या उदासीनतेची किंमत काय, तेही पाहिले पाहिजे. भारताची तांब्याची वार्षिक गरज आज दहा लाख टनांच्या कितीतरी पुढे गेली आहे. आपल्या खाणींतून निघणाऱ्या खनिजातले तांबे पंचवीस-तीस हजार टनांच्या घरात आहे. तांबे वितळवणारे मोठे कारखाने आपल्याकडे आहेत: दहेज, तुतिकोरीन आणि २०२४ साली सुरू झालेला मुंद्रा. तिन्ही समुद्रकाठी आहेत, आणि ते उगाच नव्हे. त्यांना लागणारा दगड चिली, पेरू, इंडोनेशियाहून जहाजातून येतो. २०१८ साली तुतिकोरीनचा कारखाना बंद झाला आणि पाठोपाठ शुद्ध तांबे निर्यात करणारा आपला देश शुद्ध तांबे आयात करू लागला. विजेच्या तारा, मोटारी, सौरऊर्जेचे प्रकल्प, संरक्षण सामग्री, यांतले काहीही तांब्यावाचून उभे राहत नाही. सोन्याची कथा अधिकच लाजिरवाणी. दरवर्षी सात-आठशे टन सोने परदेशातून येते आणि देशातल्या प्रमुख सोनेखाणीतून, कर्नाटकातील हट्टीतून, निघते ते वर्षाला दीड टनाच्या आसपास.

कच्च्या दगडावर अवलंबून राहण्यात आणखी एक तोटा आहे, जो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. तांब्याच्या खनिजात सोने-चांदीचा अंश असतो. तांबे विजेच्या साहाय्याने शुद्ध करताना टाकीच्या तळाशी जो काळा गाळ साचतो, त्यात हे मौल्यवान धातू उतरतात. झारखंडमधील घाटशिळेच्या कारखान्यात असे सोने-चांदी काढले जात असे. राजस्थानातील खेत्रीचा वितळभट्टी विभाग २००८ साली बंद पडला. परिणामी आपल्या खाणीतले जे थोडे तांबे निघते, तेही संहत खनिजाच्या रूपात विकले जाते. १९६७ साली हिंदुस्थान कॉपर या सार्वजनिक कंपनीची स्थापना झाली तेव्हा 'खाण ते तार' असे स्वप्न होते. आज तिचे काम प्रामुख्याने खणून विकण्यापुरते उरले आहे.

या कंपनीकडे असलेली सर्वांत मोठी ठेव विदर्भाच्या उंबरठ्यावर आहे. बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. ग्रॅनाइटच्या विस्तृत प्रदेशात गारगोटीचा एक कमानदार कणा वर आलेला, त्यावर तांब्याचे डाग, आणि जुन्या खोदकामाच्या खुणा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने येथे पद्धतशीर काम सुरू केले, छिद्रांमागून छिद्रे घेतली, आणि १९८२ साली देशातील सर्वांत मोठी उघडी तांबेखाण उभी राहिली. तांब्याच्या जोडीला मॉलिब्डेनम, थोडी चांदी आणि थोडे सोने. आता तीच खाण भूमिगत होत आहे. मलाजखंड हे दैवाने दिलेले दान नव्हते. तो ठिपक्यापासून साठ्यापर्यंत नेटाने केलेला प्रवास होता. प्रश्न असा की त्यानंतरच्या चार दशकांत असे दुसरे मलाजखंड का सापडले नाही? भूमी एकाएकी वांझ झाली, की शोधणारे हात थांबले?

चांदीच्या बाबतीत उत्तर स्पष्ट मिळते. राजस्थानातील राजपुरा-दरिबा पट्ट्यात सिंदेसर खुर्द येथे जमिनीच्या वर फारसे काही दिसत नसताना खोल छिद्रे घेत राहिल्याने शिसे-जस्ताचा चांदीने समृद्ध साठा हाती आला. २००६ साली तेथे खाण सुरू झाली आणि देशाचे चांदी-उत्पादन कैक पटींनी वाढून वर्षाला सातशे टनांच्या आसपास पोहोचले. याच पट्ट्यातील जुन्या खोदकामातील लाकडाचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकापर्यंत मागे जातो. म्हणजे जिथे तीन हजार वर्षांपूर्वी खाणी होत्या, त्याच परिसरात विसाव्या-एकविसाव्या शतकात नवा साठा सापडला.

येथे आपल्याच बाजूच्या काही मंडळींना दोन शब्द ऐकवणे आवश्यक आहे. प्राचीन भारतीयांना सर्व धातुविद्या अवगत होती, असे भाषणात सांगून टाळ्या घेणारे कमी नाहीत. विधान खोटे नाही. उदयपूरजवळील झावर येथे ऊर्ध्वपातनाने जस्त काढणाऱ्या भट्ट्यांचे अवशेष १९८० च्या दशकात उत्खननात समोर आले आणि अमेरिकेतील धातुतज्ज्ञांच्या संस्थेनेही त्यांचा गौरव केला. खेत्रीच्या परिसरात, गणेश्वर येथे, पाच हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराची शेकडो ताम्रवस्तूंची संपदा मिळाली. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादला १९७४ साली सापडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस यांच्या भरीव ताम्रमूर्तींचे वजन साठ किलोंहून अधिक भरते. हट्टीच्या सोनेखाणीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे खोदकाम जमिनीखाली दोनशे मीटरच्या आसपास गेलेले आढळते. पंपाशिवाय, विजेशिवाय, स्फोटकांशिवाय! खडक आगीने तापवायचा, फोडायचा, पाणी हाताने उपसायचे. हे सारे अभिमानास्पद आहे. पण त्या पूर्वजांनी हे स्वप्नात पाहिले नव्हते. ते खाली उतरले होते.

आणि आपण? २०१३ साली उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातील डौंडियाखेडा येथे एका साधूच्या स्वप्नात हजार टन सोने आले म्हणून पुरातत्त्व विभाग कुदळ घेऊन धावला. हाती माती आली. २०२० साली सोनभद्रला तीन हजारांहून अधिक टन सोने सापडल्याची बातमी देशभर नाचली, मिठाया वाटल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला: अंदाजलेल्या खनिजातून मिळू शकणारे सोने एकशे साठ किलो. तीन हजार टन कोठे आणि एकशे साठ किलो कोठे! ज्या समाजाला आढळ आणि साठा यांतला फरक कळत नाही, तो एक दिवस साखर वाटतो आणि दुसऱ्या दिवशी सरकारला शिव्या देतो. त्या एकशे साठ किलोंच्या मागे असलेले छिद्रकाम मात्र कोणाच्या खिजगणतीत नव्हते.

कौटिल्याने अर्थशास्त्रात आकराध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला. त्याला धातुशास्त्राचे ज्ञान असावे, त्याच्यासोबत तज्ज्ञ आणि कामगार असावेत, आणि जुनी खाण कशी ओळखावी तर धातूचा मळ, मूस, कोळसा आणि राख यांच्या खुणांवरून, असे त्याने सांगून ठेवले. राज्याचा कोश खाणीतून जन्मतो हे त्याचे गृहीतच होते. आज खाणखात्याकडे आकराध्यक्ष पुष्कळ आहेत. मळ आणि मुशीच्या खुणा शोधत रानावनात फिरणारे कमी झाले आहेत.

ही मनोवृत्ती कोठून आली, याचे मूळ परकीय राजवटीत सापडते. १८५१ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण स्थापन झाले ते मुख्यतः रेल्वे आणि आगबोटींना लागणाऱ्या कोळशासाठी. देश समृद्ध व्हावा हा हेतू त्यात नव्हता. प्रमथनाथ बोस यांच्यासारखा गुणी भूवैज्ञानिक तेथे असताना १९०३ साली त्यांना डावलून कनिष्ठ असलेल्या थॉमस हॉलंड यांना प्रमुखपद दिले गेले. बोस राजीनामा देऊन बाहेर पडले, मयूरभंज संस्थानात गेले, गोरुमहिसानीचे लोहखनिज शोधले आणि १९०४ साली जमशेदजी टाटांना पत्र लिहिले. देशातील पोलादयुग त्या पत्रातून उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर गोरा साहेब गेला, त्याची टेबले राहिली. १९५७ च्या खनिज कायद्याने सर्व काही परवान्यांच्या जाळ्यात अडकवले. पहिल्या अर्जदाराला प्राधान्य देणाऱ्या पद्धतीत खडक शोधणाऱ्यापेक्षा फाईल हलवणारा जिंकू लागला. २०१५ साली लिलाव आला आणि वशिलेबाजीला आळा बसला, हे मान्य करावे लागेल. पण लिलाव कशाचा करायचा? साठा माहीत असेल तर लिलाव. ठिपक्याचा लिलाव कोण घेणार? जो शोधतो त्यालाच खाण मिळेल याची हमी नसेल, तर दहाव्या छिद्राचा खर्च करायला कोण वेडा पुढे येईल?

ही चूक उशिरा का होईना लक्षात आली. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन तांबे, सोने, चांदी, जस्त, निकेल यांसह एकोणतीस खोलवरच्या खनिजांसाठी स्वतंत्र समन्वेषण परवाना आला. जो शोधेल त्याला पुढे त्या खाणीच्या लिलावमूल्यात वाटा मिळण्याची सोय झाली. त्याआधी २०१७ पासून विमानातून चुंबकीय मोजणीचे राष्ट्रीय काम सुरू झाले होते. दिशा योग्य आहे. गती मात्र बैलगाडीची आहे. परवान्यांचा पहिला लिलाव सुरू व्हायला २०२५ चा मार्च उजाडला. स्वपक्षाच्या सरकारला हे ऐकवायला कचरणारे देशभक्त नव्हेत, भाट आहेत.

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही विचारात घ्यायला हवा. खाण आली की जंगल जाते, वनवासी उघड्यावर पडतो, नदी लाल होते. हा आक्षेप खोटा नाही. तुतिकोरीनला लोकांची प्रदूषणाची तक्रार होती आणि २०१८ च्या मे महिन्यात पोलिसांच्या गोळीबारात तेरा जणांचे प्राण गेले. त्या रक्तावर कोणताही आकडा लिहिता येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने कोळशाची धूळ आणि लोहखनिजाचे ट्रक पाहिले आहेत. त्याने नव्या खाणीकडे संशयाने पाहिले तर दोष त्याचा नाही. मात्र शोध आणि खाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समन्वेषणाचे छिद्र काही इंचांचे असते. ते बुजवता येते. जमिनीखाली काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्या ग्रामसभेला ना योग्य मोबदला मागता येतो, ना ठाम नकार देता येतो. अज्ञानात ठेवलेल्या गावाशी केलेला करार हा फसवणुकीचाच प्रकार असतो.

कोलारचे काय झाले, तेही आठवावे. १८८० पासून जॉन टेलर यांच्या कंपनीने चालवलेल्या, पुढे राष्ट्रीयीकृत झालेल्या त्या खाणींतून एकूण आठशे टनांहून अधिक सोने निघाले. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या विवरांना वीज देण्यासाठी १९०२ साली शिवसमुद्रम्‌हून तारा टाकल्या गेल्या. २८ फेब्रुवारी २००१ रोजी ती खाण तोट्याच्या नावाखाली बंद केली गेली. तेव्हा सोन्याचा भाव दहा ग्रॅमला साडेचार हजार रुपयांच्या आसपास होता. २०२५ साली त्याने लाखाचा टप्पा ओलांडला. खाण बंद करताना पंपही थांबले, विवरे पाण्याने भरली. बाहेर राहिले ते लाखो टन मातीचे ढिगारे, ज्यांतले उरलेसुरले सोने वेचण्याची चर्चा अलीकडे सुरू झाली आहे.

नागपुरात दर हिवाळ्यात विधिमंडळाचे अधिवेशन भरते. विदर्भाच्या अनुशेषावर आवाज चढतात. पुल्लर-परसोडी, मारुपार आणि ठाणेवासना येथे आजवर किती छिद्रे घेतली, सर्वांत खोल छिद्र किती मीटरचे होते आणि ते कोणत्या साली थांबवले, हा तीन ओळींचा तारांकित प्रश्न आहे. त्याचे उत्तर देणारी सारी कार्यालये त्याच शहरात, विधानभवनापासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर आहेत.